एका पॅनलमागे दहा टन कोळसा?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर महिनाभरात चार जणांनी एकच मेसेज टाकला. 'सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते जन्मात परत देत नाही. वाळू वितळवायला प्रचंड उष्णता लागते, सगळा माल चीनच्या कोळशावर बनतो आणि आपल्या उन्हा-धुळीत पॅनल पाच वर्षांत बसतं.' तो वाचून अंबाजोगाईच्या धाकट्या काकांनी छतावर पॅनल बसवायचा बेत रद्द केला, म्हणून हे लिहितोय.

आधी मूळ दावा. ५४० वॅटचं एक पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी दोन युनिटं देतं. वर्षाची ७०० धरू. दरवर्षी अर्धा टक्का घट धरली तरी २५ वर्षांत १६ हजारांवर युनिटं होतात. मेसेज खरा असेल, तर एवढी वीज ते एक पॅनल बनवताना खर्च झाली असली पाहिजे. कोळशावर एका युनिटाला साधारण ६५० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे २८ किलोच्या पॅनलमागे दहा टन, एक अख्खा ट्रक! तीन रुपये युनिट धरलं तरी नुसत्या विजेचे ४८ हजार झाले. आणि हे पॅनल बाजारात पंधरा हजारांच्या आसपास मिळतं. काच, ॲल्युमिनियम, मजुरी, जहाजभाडं, दुकानदाराचा नफा, सगळं त्यातच. कुणी म्हणेल, चीन सरकार तोटा सोसतं. कोट्यवधी पॅनलांवर असा तिप्पट तोटा कोणतंच सरकार वर्षानुवर्षं सोसत नाही.

उष्णतेचा मुद्दा खरा आहे. गारगोटीपासून सिलिकॉन काढायला दोन हजार अंशांच्या आसपास तापणारी भट्टी लागते, मग ते शुद्ध करायला किलोमागे आणखी ५०-७० युनिटं. पण एका पॅनलमध्ये सिलिकॉन असतं दीडेक किलो. पॅनलचं बहुतेक वजन काचेचं. पूर्वी सिलिकॉनच्या चकत्या जाड असत, कापताना भुसाही फार जाई, आणि तेव्हा बनवताना खर्चलेल्या विजेच्या परतफेडीला बरीच वर्षं लागत. मेसेज त्या जुन्या काळातच अडकलाय. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या हिशेबाने आता उत्तर युरोपच्या ढगाळ हवेतही सव्वा वर्षाच्या आसपास ही ऊर्जा वसूल होते. ऊन जास्त तिथे त्याहून लवकर.

चीनचा कोळसा? हो, बराच माल तिकडच्या कोळशाच्या विजेवर बनतो, हे लपवायचं कारण नाही. पण तो कोळसा एकदाच जळतो. परळीच्या औष्णिक केंद्राला कोळसा रोज लागतो, आणि पाणीही. २०१५ साली पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, हे आपण बीडकरांनी तरी विसरू नये.

ऊन आणि धूळ. मे महिन्यात दुपारी पॅनलला हात लावून बघा, चटका बसतो. पॅनल तापलं की वीज घटते, २५ अंशांच्या वर दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे पॅनल ६५ अंशांवर गेलं की बारा-पंधरा टक्के. आमच्या घरी तीन किलोवॅटचं आहे. आई रोजच्या युनिटांचा आकडा कॅलेंडरवर लिहिते. उन्हाळ्यात १३-१४, श्रावणात झड लागली की पाच-सहा. मार्चमध्ये शेजारच्या मळणीचा भुसा बसला तेव्हा आकडा दहावर आला होता. सकाळी गार असताना दोन बादल्या पाणी आणि ओलं फडकं फिरवलं, दुसऱ्या दिवशी तेरा. घट होते, पण पॅनल बसत नाही. १०-१५ वर्षांत बदलावा लागतो तो इन्व्हर्टर.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्यांची शंका मला रास्त वाटते: शेतातला सौरपंप. बोअर फेब्रुवारीत आटला की पॅनलं जूनपर्यंत नुसती ऊन खात उभी राहतात. वर्षातले १५० दिवसच मोटार चालली तर परतफेडीला दोन-तीन वर्षं लागतील. त्यानंतरही वीस वर्षं उरतात, पण हे नुकसान टाळता येतं. त्याच पॅनलांवर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालवणारा कंट्रोलर मिळतो. पंपाचा अर्ज भरतानाच त्याची चौकशी करा.