आत्याचे लोहचुंबक

लोहचुंबक चिकटले की भांडे खोटे आणि न चिकटले की अस्सल, हा आमच्या आत्याचा सिद्धान्त असून त्याच्या पडताळणीसाठी ती दर दिवाळीला जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेले वाटोळे चुंबक पर्समध्ये आणि पिशव्या धरायला मला घेऊन भांड्यांच्या दुकानात जाते.

हा सिद्धान्त अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही, आणि दुःख तेच आहे. जर्मनीत एसेन येथे क्रुप कंपनीच्या बेन्नो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी १९१२ च्या सुमारास क्रोमियमबरोबर निकेलही मिसळून जे पोलाद सिद्ध केले, त्याच्याच वंशातले आजचे ३०४ प्रतीचे स्टील : सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. निकेलमुळे आतल्या अणूंची मांडणीच बदलते आणि ते चुंबकाला दाद देईनासे होते. मात्र गंज अडवतो तो क्रोमियम. तो किमान साडेदहा टक्के असला की हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. हा क्रोमियम आहे की नाही, हे चुंबकाला कळत नाही. आणि चुंबकाला कळत नाही, हे आत्याला सांगण्याची सोय नाही.

गेल्या दिवाळीत शेठनी बुडावर ३०४ चा ठसा असलेले एक सुरेख जड पातेले पुढे ठेवले. बुडाला चुंबक चिकटले नाही. परंतु पत्रा साच्यात दाबून खोल ओढताना ज्या ठिकाणी जास्त ताणला जातो तिथे त्याची रचना थोडी पालटून किंचित चुंबकीय होते, त्यामुळे काठाजवळच्या बाकावर ते हलकेच रेंगाळले. "काठाला भेसळ आहे," असा निकाल लागला. शेठ वाद घालणारे नव्हेत. त्यांनी मुकाट्याने २०२ चे पातेले काढले. निकेल महाग, म्हणून यात ते निम्म्याच्या आसपास आणून उरलेली कसर मँगनीजने भरून काढलेली असते. गंज रोखण्यात ते ३०४ च्या मागे. पण चुंबकाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. चुंबक त्याच्यावरून सपशेल घसरले आणि आत्याचा चेहरा उजळला. पुढे त्या पातेल्यात मिठाचे पाणी मुरत राहिले आणि क्लोराइडने तळाला बारीक काळी छिद्रे पाडली, तेव्हा त्याचे खापर तिने घासणीवर फोडले.

सुऱ्यांच्या कपाटापुढे तर अनर्थच होतो, कारण तिथली प्रत्येक सुरी चुंबकाला चिकटते. धार टिकण्यासाठी पोलादाला पाणी देऊन कडक करावे लागते, त्यासाठी कार्बन लागतो आणि असे मार्टेन्सिटिक स्टील चुंबकीयच असते. त्याचे श्रेय शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीला जाते. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलाद शोधताना १९१३ साली त्याने १२.८ टक्के क्रोमियमचा ओत काढला, तो आम्लांना बधेना, आणि त्याला सुऱ्या सुचल्या. सुरुवातीला तिथल्या सुऱ्यावाल्यांनी त्याला न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून हिणवले होते. हा इतिहास मी आत्याला मोठ्या उमेदीने ऐकवला. "बघ, तेव्हाही लोकांना कळत होतं," ती म्हणाली आणि सुरी कपाटात परत गेली.

यंदा तिच्या लेकाने इंडक्शनची शेगडी आणून दिली आणि वर्षानुवर्षे पारखून जमवलेले एकही भांडे त्या शेगडीने मानून घेतले नाही, कारण तिला चुंबकाला चिकटणारेच बूड लागते. शेठनी वर ३०४ आणि बुडाला निकेलविरहित, चुंबकीय ४३० चा थर असलेले पातेले दाखवले. आत्याने बाहेरून, आतून, खालून चुंबक फिरवले. ते तळाला खटकन् बसले.

"घेते," ती म्हणाली, "पण शेठ, बूड लोखंडाचं निघालं ना, तेवढं वजन कमी धरा."