'बाहेरचा गेम चालतच नाही', पण कोणत्या मशीनवर?

भुसावळच्या भाच्यानं परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, मले खरं सांग." जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. म्हणणं असं: भारतात न आलेला व्हिडिओ गेम मागवू नका, तो इथल्या मशीनवर, म्हणजे गेम खेळायच्या कन्सोलवर, चालत नाही, असा गेम आणणं म्हणजे पायरसीच, तरी मागवायचाच तर पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगा, कर लागत नाही, आणि शेवटी, सगळं जपानीत असतं.

चालत नाही, हे एके काळी अगदी खरं होतं. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या जुन्या फॅमिकॉम मशीनच्या काडतुसाला, म्हणजे गेम भरलेल्या डबीला, ६० पिना आणि त्याच मशीनच्या अमेरिकी अवताराला ७२, म्हणजे काडतूस खाचेत बसायचंच नाही. सोनीच्या प्लेस्टेशन २ मध्ये दुसऱ्या विभागाचा गेम अडवणारं कुलूप सॉफ्टवेअरचं होतं; आपल्याकडच्या पाल (टीव्हीची एक पद्धत) विभागाच्या मशीनला जपानी किंवा अमेरिकी डिस्क चालायची नाही. प्लेस्टेशन ३ पासून हे कुलूप जवळजवळ निघालं. जवळजवळ म्हणतो, कारण २०१२ च्या 'पर्सोना ४ अरीना'ला ते होतंच. प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या गेमच्या डिस्क कुठूनही आणा, चालतात. निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम बॉय मोकळा होता, त्याच जातीच्या २०११ च्या थ्रीडीएसला मात्र कुलूप लागलं आणि २०१७ च्या स्विचला पुन्हा निघालं. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा कुठंही जुना थ्रीडीएस स्वस्तात मिळाला, तर तो कोणत्या देशाचा ते आधी बघा. तिथं फॉरवर्डवाला आजही बरोबर आहे.

खरी मेख वेगळीच आहे आणि ती त्या मजकुरात नाही. प्लेस्टेशनवर डिस्क चालते, पण तिच्यावरची जादा सामग्री, म्हणजे डीएलसी, डिस्क ज्या विभागाची त्याच विभागाच्या स्टोअरमधून घ्यावी लागते. अमेरिकी डिस्कला भारतीय खात्यावरून घेतलेली डीएलसी सहसा लागत नाही. पैसे गेले की मग हे कळतं.

आता पायरसी. कंपनीनं स्वतः छापलेली, पैसे मोजून घेतलेली डिस्क आणि कुणी उतरवलेली कॉपी यात फरकच नाही? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये तर बेकायदा प्रतीची आयातसुद्धा, स्वतःच्या खासगी वापरासाठी एकच असेल, तर उल्लंघनातून वगळली आहे. अस्सल डिस्कच, पण विकायला पेटीभर आणणाऱ्यांचा प्रश्न निराळा. त्यांच्यासाठी वाट मोकळी करणारी तरतूद २०१० च्या विधेयकात होती, २०१२ ची दुरुस्ती मंजूर होताना गळाली. शिवाय 'न आलेला' म्हणजे 'बंदी घातलेला' नव्हे. २००८ मध्ये 'फॉलआउट ३' मायक्रोसॉफ्टनं आपणहून भारतात आणला नाही. सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण दिलं. त्या गेममधल्या दोन तोंडांच्या गुरांना 'ब्राह्मिन' म्हणतात, त्यावरून लोकांनी काय ते ताडलं.

'गिफ्ट'चा सल्ला मात्र मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण मी तो पाळून बसलोय. सिंगापूरच्या मित्रानं पाकिटावर तसं लिहिलं, पार्सल अडकलं आणि मे महिन्याच्या भर दुपारी पोस्टमनदादा कराची पावती घेऊन दारात. भेटवस्तूची करसवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. उरली फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी; राखीसोबतची भेटसुद्धा नाही. विकत घेतलेल्या मालावर 'गिफ्ट' लिहिणं ही चक्क खोटी माहिती. कायद्याची भीती घालणाऱ्या मजकुरात खरोखर कायदा मोडायला सांगणारं वाक्य हेच एक!

भाषेचं म्हणाल तर अर्धं खरं. २००६ चा 'मदर ३' जपानबाहेर आलाच नाही. २००८ मध्ये चाहत्यांनीच तो इंग्रजीत केला. उलट २०१७ चा 'सुपर रोबोट वॉर्स व्ही' आग्नेय आशियात इंग्रजीत मिळत होता. घेण्याआधी वेष्टणाची मागची बाजू वाचायची.

जपानी मशीनच मागवणार असाल तर तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. जुन्या मशीनला ट्रान्सफॉर्मर न लावता वायर खोचली तर धूरच.

एवढं सगळं भाच्याला लिहून पाठवलं आणि विचारलं, तुझं मशीन कोणतं?

"अजून घेतलं नाही, मामा."