उलट्या बाजूचा खर्च

शिवलेल्या कपड्याची उलटी बाजू तपासण्याचा अधिकार कायद्याने कुणाला दिलेला नाही. माझ्या नणंदेने तो परस्पर घेतलेला आहे. तिच्या हातात नवा कुर्ता ठेवला, की रंग, गळा, बाह्या यांकडे ती ढुंकूनही बघत नाही. थेट बाही उलटी करते, चष्मा कपाळावर चढवते आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवते. मग म्हणते, "छान झालाय. घरीच शिवलास ना?" त्या 'घरीच'ला चार-पाच दोरे लोंबत असतात.

दोष माझा नाही, कापडाचा आहे. खणाचं कापड कात्री लागताक्षणी कडेने दोरे सोडायला लागतं. रॉ सिल्क त्याहून वाईट. आता दुकानातला टी-शर्ट उलटा करून बघा. कड सरळ कापलेली आणि तिच्याभोवती दोऱ्यांची नीटनेटकी जाळी. हे काम ओव्हरलॉक मशीनचं. तिचं पातं कड कापत पुढे जातं आणि मागोमाग सुया आणि लूपर, म्हणजे दोरा कडेभोवती फिरवणारे आकडे, मिळून ती बांधत येतात. १८८१ मध्ये अमेरिकेतल्या मेरो नावाच्या कुटुंबाने असं पहिलं यंत्र तयार केलं. ते घरातल्या टेबलावर मावण्याजोगं करायला जपान्यांना १९६०चं दशक उजाडलं. माझ्या टेबलावर यायला त्याला आणखी बराच वेळ लागला, कारण मधे आमचं घर होतं.

तोवर गल्लीतल्या पिको-फॉलवाल्या बाईंकडे माझ्या फेऱ्या चालायच्या. काम स्वच्छ, पैसेही किरकोळ. पण त्यांच्या मशीनवर त्या घटकेला जो दोरा असेल, तोच आपला. माझ्या पांढऱ्या सलवारीला आतून लालभडक किनार आहे ती यामुळे. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत तर त्या मान वर करून बघतही नाहीत.

"ओव्हरलॉक घेऊ या," असं मी घरात म्हटल्यावर नवऱ्याने दोन तास फोनवर घालवले आणि एक जिन्नस शोधून काढला: साध्या मशीनच्या कापड दाबणाऱ्या फूटाच्या जागी बसणारा कटर. किंमत काही शे रुपये. कापतो पण, शिवतो पण. "मग हजारो रुपये कशाला?" कटर आला. तो झिगझॅग मशीनवर चालतो, ही माहिती त्याच्या पाकिटावर होती. आमच्याकडे सासूबाईंची काळी, पायाची, फक्त सरळ टाक्याची मशीन. तेव्हा कटरसाठी झिगझॅग मशीन आणि झिगझॅग मशीन आणायचीच तर सोबत ओव्हरलॉक, अशी खरेदी नवऱ्याच्याच काटकसरीतून वाढत गेली. मी फक्त हो म्हणत राहिले.

यंत्रांच्या विरोधात त्याने गांधीजींना मधे आणलं, तेव्हा मात्र मी तयार होते. १९२४ साली गांधीजींनीच सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ती बनवली, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं होतं. प्रत्यक्षात आयझॅक सिंगर साहेबांचे संसार इतके होते आणि मुलं इतकी, की नेमक्या कोणत्या बायकोचे कष्ट त्यांना बघवेनात, हा संशोधनाचा विषय आहे. नवऱ्याला मी अपवाद तेवढा सांगितला. संसारांचं बोलले नाही.

सोलापुरात राहून शिवणाबद्दल सल्ला न मागणं शक्य आहे, न मिळणं शक्य नाही. इथून कुठल्या कुठल्या शाळांचे गणवेश शिवून जातात. आमच्या मागच्या गल्लीतल्या अण्णांचा तोच कारखाना. त्यांना कुणकुण लागली आणि ते स्वतः आले.

"अक्का, ते घरगुती खेळणं कशाला घेता ओ? कारखान्याची घ्या की. मिनिटाला साडेपाच हजार टाके!"

मी मनात हिशोब केला. टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर मिनिटाला पावणेचौदा मीटर. माझ्या अख्ख्या कुर्त्याच्या सगळ्या कडा जोडल्या तरी एवढ्या भरत नाहीत. म्हणजे पायडलवर पाय ठेवायचा आणि कुर्ता समोरच्या भिंतीवरून उचलून आणायचा. शिवाय त्या मशीनला स्वतःचं टेबल, खाली मोटर, आत तेलाची टाकी. जुन्या पद्धतीची क्लच मोटर असेल तर आपण नुसते बसलेलो असतानाही ती गुरगुरत राहते. अशी एक व्यक्ती घरात आहे. घरगुती ओव्हरलॉक मिनिटाला तेराशेच्या आसपास टाके घालते. मला तेवढ्यातही घाम फुटतो.

"बरं, तीन दोऱ्यांची घेऊ नका, चार दोऱ्यांची घ्या," अण्णा जाता जाता म्हणाले. हा त्यांचा सल्ला सोन्याचा. तीन दोरे कड बांधायला पुरतात. चौथ्या दोऱ्याची म्हणजे दुसरी सुई असेल तर शिवण पक्की होते आणि होजिअरीचे कपडे त्याच मशीनवर थेट जोडता येतात.

दुकानात मशीन दाखवायला जे कापड असतं, ते बहुधा दुकानदाराचं खासगी कापड असावं. जाडसर, कडक, सुती, दुहेरी घडीचं. त्यावर कुठलीही मशीन सुरेख चालते. मी घरून चिंध्यांची पिशवी नेली होती: खण, शिफॉन, लेकीचा जुना टी-शर्ट, जीन्सचा पाय. पिशवी काउंटरवर उपडी केली तेव्हा विक्रेत्याने आधी आतल्या खोलीकडे बघितलं, मग मालकाकडे.

टी-शर्टाची कड पहिल्या मशीनवरून निघाली ती लाटा होऊन. "मॅडम, इस्त्री केली की बसतं." मी विचारलं, डिफरेन्शियल फीड किती वर ठेवलंय? कापड सरकवणारे दातेरी पट्टे दोन असतात. पुढचा मागच्यापेक्षा जास्त कापड आत ढकलायला लागला की ताणणाऱ्या कापडाला लाटा येत नाहीत. त्यासाठी बाजूला एक खटका असतो. माझा प्रश्न ऐकून मालक स्वतः उठले. खटका फिरवला, लाटा गेल्या. त्यानंतर मला चहा मिळाला.

जोडीच्या मशीनचं प्रकरण याहून चिघळलं. ओव्हरलॉक कितीही शहाणी असली तरी तिला काजं येत नाहीत, चेन लावता येत नाही, खिसा बसवता येत नाही. ती फक्त कडेने चालते. म्हणून दुसरी हवी आणि दुसरीकडून माझं मागणं साधं होतं. सरळ टाका चांगला, झिगझॅग, एका दमात होणारं काजं आणि बाही ओवता येईल असा बारीक हात. उषा जानोमे, सिंगर, ब्रदर, सगळ्यांकडे अशा मशीन आहेत. पण विक्रेत्याला बदकं दाखवायची होती.

"यात साठच्या वर डिझाइन येतात, मॅडम. ही बघा बदकांची रांग."

"काजं कसं होतं?"

"काजं पण होतं. फुलं बघा, पानं बघा."

"जीन्सचा दुहेरी दुमड घेते का?"

"मॅडम, बदकं..."

जीन्सच्या दुमडीवर बदकांची मशीन कण्हली आणि थांबली. शेजारची, मोजक्या टाक्यांची, गोल बटनांची, दिसायला अगदीच बापडी मशीन तीच दुमड न कुरकुरता ओलांडून गेली. किंमतही कमी. विक्रेत्याचा चेहरा पडला. मलाही थोडं वाईट वाटलं, बदकं गोंडस होती.

ओव्हरलॉक घरी आली ती ओवलेलीच. चार दोरे, चार रंगांचे, झाकणाच्या आत त्याच रंगांच्या खुणा. मी फोटो काढणार, तेवढ्यात प्रात्यक्षिक द्यायला आलेल्या मुलाने चारही दोरे ओढून काढले आणि म्हणाला, "काकू, आता तुम्ही ओवा. आधी वरचा लूपर, मग खालचा, मग सुया. क्रम चुकला की टाका नाही." खालच्या लूपरची वाट अशी आहे, की चिमटा, टॉर्च आणि नामस्मरण तिन्ही लागतं. तो निघून गेल्यावर लेकीने खरी युक्ती शोधून दिली. दोरा बदलायचा तर जुना मशीनजवळ कापायचा, नव्याची गाठ मारायची आणि हळूहळू ओढून घ्यायचा. फक्त गाठ सुईच्या नेढ्यापाशी आली की कापून ओवायचं. शिवाय दोऱ्याची चारही रिळं कापडाच्या रंगाची लागत नाहीत. शिवण उलगडली की सरळ बाजूने दिसतो तो डाव्या सुईचा दोरा, तेवढा जुळवला की झालं.

एवढं कळूनही मशीनवर पांढरा दोराच आहे. घरात सध्या पांढरं, फिकट आणि राखाडी एवढंच शिवलं जातं. नवऱ्याची काळी पँट कमरेत सैल करायची होती. त्याने दोनदा आठवण केली, मी दोनदा चिमटा सापडत नसल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा तो काही न बोलता ती अण्णांकडे घेऊन गेला. दहा मिनिटांत परत आला, पँट झालेली, काळ्या दोऱ्यात. सोबत अण्णांचा निरोप: "अक्कांना विचारा, दोरा ओवायला माणूस पाठवू का."