‘गणित नको, डिग्री नको, थेट 12 लाख’: एका फॉरवर्डची चिरफाड

‘6 महिन्यांत गेम प्रोग्रामर व्हा, 12 लाखांचं पॅकेज घ्या’ हा एका क्लासचा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मी तो न वाचताच उडवायचे. पण परवा तो मावशीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न: ‘अगं, तू यातलीच ना? याला घालू का? एफडी मोडावी लागेल.’ मावसभाऊ सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोष्ट एफडीपर्यंत गेल्यावर गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: गणित लागत नाही, सगळं इंजिन (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) करतं, डिग्री निरुपयोगी, ज्याला खेळता येतं त्याला बनवता येतं, भारतात गेमिंग अब्जावधींचं झालंय, माणसंच मिळत नाहीत, आणि प्लेसमेंट शंभर टक्के.

सगळ्यात मोठी थाप पहिलीच. समजा, गेममधल्या पहारेकऱ्याने खेळाडू दिसला की धावून यायचं आहे. ‘दिसला’ म्हणजे काय? पहारेकऱ्याचं तोंड आहे त्या दिशेचा एक व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि लांबी असलेला बाण, आणि त्याच्यापासून खेळाडूपर्यंतचा दुसरा. दोन्हींची लांबी 1 करायची आणि डॉट प्रॉडक्ट काढायचा, म्हणजे दोन्ही बाण कितपत एकाच दिशेला आहेत हे सांगणारा आकडा. नजरेचा कोन 90 अंशांचा असेल तर उत्तर साधारण 0.7 च्या (निम्म्या कोनाच्या, 45 अंशांच्या कोसाइनच्या) वर गेलं की दिसला. बारावीचं गणित आहे हे. आता लांबी 1 करायची राहिली तर? उत्तर अंतरासोबत फुगतं, आणि 20 मीटरवर जवळजवळ काटकोनात लपलेला खेळाडूही पहारेकऱ्याला ‘दिसतो’. इंजिन एरर देत नाही. तुम्ही दोन व्हेक्टर दिलेत, त्याने उत्तर दिलं, विषय संपला. डॉट प्रॉडक्टचं फंक्शन इंजिनमध्ये तयार असतं हे मान्य, पण ते कुठे आणि का वापरायचं हे इंजिन सांगत नाही.

दुसरं बघा. हिरोला दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, ठरावीक अंतर पुढे सरकवलं, तर 60 हर्ट्झच्या (सेकंदाला 60 चित्रांच्या) फोनवर नीट चालणारा हिरो 120 हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगाने सुसाट सुटतो. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला, त्याने वेगाला गुणायचं असतं. हा प्रश्न मी मुलाखतीत हमखास विचारते, आणि क्लासमधून आलेली बरीच पोरं इथेच छताकडे बघायला लागतात. वाईट वाटतं, कारण पोरं हुशार असतात. त्यांना बटणं कुठे आहेत तेवढंच शिकवलेलं असतं.

खेळता येतं म्हणून बनवता येतं? मिसळ चापणाऱ्या प्रत्येकाला कट जमतो का? पुढे.

अब्जावधींच्या आकड्याची गंमत वेगळीच. ‘गेमिंग’ म्हणून जे आकडे फिरत होते त्यात रमी, फँटसी क्रिकेट असे पैसे लावून खेळायचे खेळ धरलेले असत, आणि कमाईचा मोठा वाटा त्यांचाच होता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या खेळांवर बंदी आली, ड्रीम11 आणि एमपीएलला ते खेळ गुंडाळावे लागले. कायदा कोणीही उघडून वाचावा. त्यात ई-स्पोर्ट्स आणि सोशल गेम्सना प्रोत्साहन देण्याची भाषा आहे, पण प्रोत्साहन म्हणजे नोकऱ्या नव्हेत. आणि ज्या युनिटी या इंजिनचं नाव घेऊन हे क्लास विकले जातात, ते बनवणाऱ्या कंपनीनेच जानेवारी 2024 मध्ये सुमारे 1,800 जणांची कपात जाहीर केली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाने 1,900 जणांची.

पुण्यात काम नाही असं नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा स्टुडिओ इथे 2008 पासून आहे. पण ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमच्या ज्या रीमेकसाठी 2020 मध्ये आपण कॉलर ताठ केली होती, ते काम 2022 मध्ये पुणे-मुंबईकडून मॉन्ट्रियलला गेलं. जागा मोजक्याच असतात आणि त्या अशा हलतात.

डिग्रीबद्दल मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. मुलाखतीत तुमचा पॉइंटर, म्हणजे डिग्रीचे मार्क, कोणी बघत नाही. चालणारा गेम आणि त्याचा कोड बघतात. पण तो कोड लिहायला लागणारं डेटा स्ट्रक्चर, मेमरी, मॅट्रिक्स हे सगळं त्याच ‘निरुपयोगी’ डिग्रीच्या सिलॅबसमध्ये आहे, ज्याची फी मावशीने आधीच भरली आहे.

शंभर टक्के प्लेसमेंटचं काय बोलायचं! टेस्टर (गेम खेळून चुका शोधणारा) म्हणून कंत्राटावर चिकटवलं तरी ते प्लेसमेंटमध्येच मोजतात. टेस्टिंग चांगलं काम आहे, पण ते प्रोग्रामिंग नव्हे.

मावशीला सांगितलं, एफडीला हात लावू नकोस. गोडो इंजिन पूर्ण फुकट आहे, युनिटी आणि अनरियलही शिकायला फुकट मिळतात. पोराने सुट्टीत एक लहानसा गेम पूर्ण करावा, तुझ्या जुन्या फोनवर चालवून दाखवावा आणि कोड मला पाठवावा. क्लासचा फोन आलाच तर मागच्या बॅचच्या पाच मुलांनी केलेल्या गेमच्या लिंक माग.