आमची जिजा

मुलीचं नाव जिजा ठेवतोय असं सांगितल्यावर इथल्या मराठी मैत्रिणींचे धडाधड मेसेज आले, अगं जर्मनीत वाढणार ना ती, मग नीना ठेव, मीरा ठेव, अनिका ठेव, दोन्हीकडे चालतात. गोडच आहेत ती नावं. पण "दोन्हीकडे चालणारं" म्हणजे नक्की काय, यावर मी आणि नवरा (तो इथला, श्टुटगार्टचा) नऊ महिने बोलत होतो.

अडचण खरी आहे. जर्मन माणूस 'जे' (J) हे अक्षर 'य' वाचतो, म्हणजे कागदावर जिजा लिहिलं की समोरून यीया ऐकू येणार. शब्दाच्या शेवटी व्ही आला की त्याचा फ, त्यामुळे अर्णवचा अर्नाफ, आणि ण तर कुठल्या कुठे जातो.

पण सोपं करायची जबाबदारी दरवेळी आपल्याच नावाची का? चाकणला २००९ मधे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, स्पेलिंग व्हीने सुरू होतं तरी आपल्याकडे सगळे सरळ फोक्सवॅगनच म्हणतात, कुणी म्हटलं नाही की आम्हाला जड जातंय, नाव बदला. आणि ज त्यांना येत नाही असंही नाही, जंगलाला ते 'जुंगल' म्हणतात, शब्द आपल्याकडचाच, इंग्रजीतून तिकडे गेलेला, आणि त्या एका 'ज'साठी चार अक्षरं लिहितात! मी आता डॉक्टरकडे, शेजारी सगळीकडे सांगते, जुंगलमधला ज, दोनदा. दुसऱ्या भेटीत लोक बरोबर म्हणतात.

माझं आजोळ बुलढाण्याचं. लहानपणी १२ जानेवारीला आजीचं बोट धरून सिंदखेडराजाला जायचे मी, त्या गर्दीत जिजाऊंचं नाव इतक्या वेळा कानावर पडलंय की दुसरं कुठलं सुचलंच नाही.

तिचं दुसरं नाव लेना, नवऱ्याच्या आजीचं. इथे २०१८ पासून आपल्या नावांचा क्रम अर्ज देऊन बदलता येतो, त्यामुळे मोठी झाल्यावर तिला लेना पुढे हवं असेल तर तो तिचा हक्क, मी आनंदाने सोबत जाईन. पण सुरुवात जिजाने.

जन्माची नोंद इथे आठवड्यात करावी लागते, म्हणजे बारशाआधीच नाव कागदावर चढलं. आईला फोनवर ते अजिबात पटलं नाही, आत्याने कानात सांगितल्याशिवाय कसलं नाव? आत्या म्हणजे माझी नणंद, जर्मन. बाराव्या दिवशी पाळणा नव्हता, तर कपड्यांच्या टोपलीला झेंडूच्या माळा बांधल्या, आई व्हिडिओ कॉलवरून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत होती, आणि नणंदबाई आठवडाभर सराव करून आलेल्या. वाकल्या, कानात कुर्र केलं आणि म्हणाल्या, जिजा. दोन्ही ज अगदी स्वच्छ. मग आम्ही सगळ्यांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि तिकडे आई पदराने डोळे पुसत होती.