बाई, मिक्सर घेतला का?

गावात शिरले की हल्ली मला कोणी नमस्कार करत नाही, थेट मिक्सरचं विचारतात. किराणावाल्याने कुठल्या कंपनीचा घ्यावा हे सांगून टाकलं, अंगणवाडीच्या ताईंनी जळला तो किती वॅटचा होता याची चौकशी केली आणि एसटीतल्या एका अनोळखी काकूंनी तर ‘मिस्टरांना लावू देऊ नका हो’ असा प्रेमळ सल्ला दिला. माझ्या घरातला मिक्सर, माझ्या नवऱ्याने जाळलेला, तो अख्ख्या गावाला कसा माहीत? तर आमची शाळा डिजिटल आहे म्हणून.

डिजिटल म्हणजे काय, तर चौथी-पाचवीच्या वर्गात भिंतीवर एक टीव्ही आहे. जून 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला आणि त्याच्या आगेमागे जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची नुसती लाट आली, कुठे शिक्षकांनी पदरचे पैसे घातले, कुठे गावांनी वर्गणी काढली. आमच्या गावानेही काढली. आमचं गाव लासलगावच्या पट्ट्यातलं, त्या वर्षी कांद्याला बरा भाव होता, त्यामुळे शिक्षणाबद्दल आस्था होती. टीव्ही आला, नारळ फुटला, आणि टीव्हीशेजारच्या भिंतीवर देणगीदारांची नावं रकमेसकट ऑइलपेंटने रंगवली गेली. ही नावं रंगवायची कल्पना कोणाची होती ते मला अजून कळलेलं नाही, माझ्या आधीच्या गुरुजींची असावी, ते बदली घेऊन सुटले.

तर परवा निरोप आला की शिक्षण खात्यातले साहेब व्हिजिटला येतायत, तंत्रज्ञानाचा वापर करून एक पाठ दाखवा. निरोप आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्थात. विषय मी घेतला दिवस आणि रात्र. सोपा, दिसायला छान, पृथ्वी गरगर फिरते, पोरं खूष. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात, ते स्कॅन केले की 2017 साली आलेल्या सरकारी दीक्षा अ‍ॅपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. (क्यूआर कोडचं नाव काढलं की डिसले गुरुजींचं नाव निघतंच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत त्यांनी पुस्तकांना कोड जोडले, 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी बाकीच्या फायनलिस्टना वाटून टाकले. माणूस मोठाच. पण तेव्हापासून प्रत्येक मीटिंगमध्ये आम्हाला ‘बघा, एक शिक्षक काय करू शकतो’ हे ऐकावं लागतं, आणि हे सांगणाऱ्याच्या हातात कायम आमच्याकडून भरून घ्यायचा एखादा तक्ता असतो.)

अडचण अशी की शाळेचं नेट कधीच बंद पडलंय. बिल कोणी भरायचं यावर पत्रव्यवहार चालू आहे, पत्रव्यवहार मात्र ऑनलाईन. टीव्ही इतका जुना की त्याच्यावर नवीन अ‍ॅप चढत नाही. मग उपाय एकच, माझा मोबाईल, माझं रिचार्ज, माझं हॉटस्पॉट, आणि माझी स्क्रीन टीव्हीवर कास्ट करायची. राज्यातल्या निम्म्या डिजिटल शाळा अशाच चालत असतील असा माझा दाट संशय आहे, पण ते कोणत्याही पोर्टलवर भरायला रकाना नाही.

साहेब आले, खुर्चीवर बसले. आणि त्यांच्या मागून आबा आले.

आबा म्हणजे भिंतीवरच्या यादीतलं चौथं नाव, रुपये 501. नातू आमच्याकडे चौथीत. आबांचं म्हणणं असं की ज्या वस्तूत आपले पैसे आहेत ती चालते की नाही हे बघायला आपण अधूनमधून यायला पाहिजे. येतात. टोपी नीट करतात, मागच्या बाकावर मांडी घालून बसतात, आणि बघतात. मी एकदा सांगून पाहिलं की आबा, तास चालू आहे. ते म्हणाले, ‘चालू द्या की. मी काय बंद करतोय?’

मी कोड स्कॅन केला. टीव्हीवर गोल गोल फिरायला लागलं. पोरांना वाटलं पृथ्वीच. ती गोल चकती बराच वेळ फिरली, साहेबांनी घड्याळ पाहिलं, मी तोंडाने पृथ्वीचा आस 23.5 अंशांनी कललेला असतो वगैरे सुरू केलं, आणि मागून आवाज आला, ‘बाई, ह्याच्यात लासलगावचा भाव दिसतो का?’

मी म्हटलं, ‘आबा, आपण आत्ता दिवस-रात्र शिकतोय.’

‘ते मला नका शिकवू. एक आठवडा दिवसाची लाईट, एक आठवडा रातची. ह्या आठवड्यात रातची हाये. दोन वाजता उठून मोटार चालू करून आलोय मी.’

साहेबांना आता काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी वर्गाला विचारलं, ‘सांगा बरं, रात्र का होते?’

आबांच्या नातवाने हात वर केला. ‘मोटारीला लाईट यायला.’

आबांनी मान डोलावली. पोराला उगाच शाळेत घातलं नाही असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी ‘नाही रे बाळा’ म्हणत होते तोवर आबा उठून पुढेच आले. ‘नुसती चकती फिरतीये, तवर भाव बघून घ्या की. रिकामी बसलीये मशीन.’ आणि मी सगळं सांगते पण यावर कोणी विश्वास ठेवत नाही, साहेबच म्हणाले, ‘बघा हो मॅडम एक मिनिट, माझाही थोडा कांदा चाळीत पडलाय.’

आता वरिष्ठांचा तोंडी आदेश. मी लासलगाव कांदा बाजारभाव टाईप केलं. आणि जे नेट पृथ्वीला मिनिटभर हलवू शकलं नव्हतं त्या नेटवर सेकंदात अख्खा तक्ता, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी, रंगीत, वर जाहिरातीसकट. साहेब खुर्चीतून पुढे सरकले. आबा टीव्हीच्या इतके जवळ गेले की पोरांना नुसती टोपी दिसायला लागली. पुढची दहा मिनिटं माझ्या वर्गात उन्हाळ कांद्यावर जी चर्चा झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही.

‘हे जास्तीत जास्त म्हणतात ना साहेब, ते एका ट्रॅक्टरला देतात आन् पेपरात छापतात. आपल्याला कायम ते मधलं.’

‘सरासरी,’ साहेब म्हणाले.

‘मधल्याच्या बी खालचं. मागं निर्यातबंदी केली डिसेंबरात, 2023 ला, तवा तर विचारूच नका. तुमचा किती हाये?’

‘फार नाही, तीस-चाळीस क्विंटल.’

‘मंग ठिवा अजून. कोंब येतोय का?’

मी खडू हातात घेऊन उभी. पोरं तल्लीन. एवढी तल्लीन मी त्यांना भागाकार शिकवताना कधी पाहिली नाहीत, पाचवीतल्या एका मुलीने तर सरासरी म्हणजे काय ते तिथल्या तिथे बरोबर सांगितलं. पण त्याची नोंद कुठे करू, पाठाच्या टाचणात कांदा नव्हता.

आणि त्याच वेळी टीव्हीच्या वरच्या बाजूने पांढरी पट्टी खाली घरंगळली. माझ्या फोनमध्ये नवऱ्याचं नाव ‘हे’ असं सेव्ह आहे.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. लहान पोरांना वाचता-मोजता यावं म्हणून निपुण भारत हे अभियान 2021 मध्ये सुरू झालं तेव्हापासून अक्षर-शब्द-वाक्य याच्या इतक्या चाचण्या झाल्या, हा गडी शब्दावर अडकलेला. जोडाक्षर आलं की छताकडे बघतो. त्याने त्या पट्टीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात, अर्थ समजून, योग्य ठिकाणी थांबत वाचलं: ‘हे. मिक्सर परत जळला.’

मी फोनकडे धावले, पण मधे आबा. दुसरी पट्टी आली.

‘हे. आईला सांगू नको मी लावला होता.’

वर्गात एकदम शांतता, मग कोणीतरी पुढच्या बाकावरून, ‘बाई, हे म्हणजे कोण?’ आणि मी फोनपर्यंत पोचून तो उचलेपर्यंत तिसरी पट्टी, आता सगळा वर्ग एका सुरात, आम्ही समूहवाचनावर बराच भर देतो ना, ‘हे. तुझ्या त्या साहेबाचं झालं का? गेला का तो?’

साहेब म्हणाले, ‘नाही, अजून आहे म्हणावं.’

आबांना यातलं फक्त मिक्सरचं महत्त्वाचं वाटलं. ते मागे वळून म्हणाले, ‘भरून लावला आसंल. निम्मं भांडं लावायचं आसतंय.’ आणि संध्याकाळी पारावर बसून त्यांनी ते सविस्तर सांगितलं असणार.

आता मला सांगा, यात माझा फोन तिथे असायचं कारण काय? शासनाचा वर्ग, शासनाचा धडा, शासनाचा साहेब, आणि नेट माझं. रोजची हजेरी माझ्या फोनवरून, पोषण आहाराची ताटं माझ्या फोनवरून, मुलांचे आधार जुळत नाहीत ते माझ्या फोनवरून, झाड लावलं की झाडाचा फोटो, वाचन केलं की वाचनाचा फोटो, प्रशिक्षण घेतलं की सर्टिफिकेट, सगळ्याच्या लिंक रात्री येतात आणि सगळ्यांवर ‘तात्काळ’ लिहिलेलं असतं. फोन हँग होतो तो माझा, गॅलरीत माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो डिलीट करून खिचडीचे ठेवलेत ते मी. आमच्यासारख्या छोट्या शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान येतं, पटावर तीसपर्यंत मुलं असली तर 10,000 रुपये, त्यात खडू, फिनेल, रंग, दुरुस्ती. रिचार्जचं विचारलं तर ‘बसवा कुठेतरी’ म्हणतात. कुठे बसवू? फिनेलमध्ये?

आणि वर ऐकवतात की हल्लीच्या पोरांना सगळं फोनमध्ये येतं. येतं की. असर या ग्रामीण शिक्षणाच्या 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, त्यांतली आधीच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी वापरलेली 76 टक्के, अभ्यासाचं काही केलेली 57. माझ्या वर्गातली तर अजून लहान, त्यांच्या घरी फोन एकच, तो बापाबरोबर वावरात जातो आणि रात्री चार्जिंगला लागतो. पोरांना मोठ्या पडद्यावर फिरती पृथ्वी बघायला मिळाली तर मला नकोय का? चांगलं चाललं तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय, एकदा ज्वालामुखीचा व्हिडिओ नीट चालला होता, मधली सुट्टी झाली तरी एक पोर उठलं नव्हतं. म्हणून तर जास्त चीड येते.

शेवटी पृथ्वी मी फिरवलीच. पोषण आहाराच्या खोलीतला एक कांदा आणला, त्यात पेन्सिल खुपसून तिरपा धरला, आणि आबांच्या खिशातली बॅटरी मागून घेतली, रात्री मोटारीवर जाताना लागते ती. अर्ध्यावर उजेड, अर्ध्यावर अंधार, हळूहळू फिरवला. पोरांना कळलं. आबाही वाकून बघत होते, म्हणाले, ‘गोल्टी हाये, मोठा घ्यायचा ना.’

साहेबांनी जाताना शेरेबुकात लिहिलं: ‘तंत्रज्ञानाचा वापर समाधानकारक. वाचन प्रगती उल्लेखनीय. पालक सहभाग उत्तम. नोटिफिकेशन बंद ठेवावीत.’ सही. मग गाडीत बसता बसता काच खाली करून मला म्हणाले, ‘मॅडम, तेवढा तो भावाचा स्क्रीनशॉट पाठवा बरं का, लगेच.’

पाठवला, माझ्याच नेटवरून. आबा अजून गेटवरच उभे होते. उद्या येवल्याचाही भाव बघू म्हणाले, आणि सोबत धाकट्या भावाला आणणार आहेत, त्याचे 251 आहेत.