अमर प्रेमी व्हायचंय? मग चौकशी करू नका

प्रेमात पडलात? छान. पण त्यात विशेष काही नाही. माणसं रोज पडतात, थोडं खरचटतं, लग्न करतात आणि मग झोपताना दिवा कोणी बंद करायचा यावर जन्मभर वाद घालत बसतात. अशांच्या कबरी बघायला कोणी तिकीट काढून जात नाही. तुमच्या कबरीपुढे रांग लागावी, जोडप्यांनी तिथे फोटो काढावेत अशी मनीषा असेल, तर जगातल्या नावाजलेल्या प्रेमकथा नीट वाचा. मी वाचल्या. अमर प्रेमाला रूप लागत नाही, पैसा लागत नाही, फार काय, फारशी ओळखही लागत नाही. एकच गुण लागतो. कानावर आलेली बातमी तपासून न बघण्याचा.

बॅबिलोनचा पिरॅमस घ्या. शेजारच्या थिस्बीशी त्याचं प्रेम भिंतीतल्या फटीतून चाललं होतं. एका रात्री गावाबाहेर तुतीच्या झाडाखाली भेटायचं ठरलं. ती आधी पोचली, सिंहीण दिसली, पळाली. पळताना ओढणी गळून पडली. सिंहीण नुकतीच गुरं मारून आली होती. तिनं रक्ताळलेल्या तोंडानं ओढणी फाडली आणि आपल्या वाटेनं निघून गेली. मग साहेब उगवले, उशिरा. समोर फाटकी ओढणी, रक्त, पंजांचे ठसे. तुम्हीआम्ही निदान एक हाक मारली असती. पिरॅमसनं थेट तलवार पोटात खुपसली. थिस्बी लपलेल्या जागेतून परत आली तेव्हा तो शेवटचे श्वास घेत होता, मग तिनंही तीच तलवार जवळ केली. तुतीची पांढरी फळं तेव्हापासून लाल झाली म्हणतात. हाक मारली असती तर फळं पांढरीच राहिली असती आणि या दोघांचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं.

शेक्सपिअरचा रोमिओ याच शाळेचा, पण पहिल्या नंबराचा. रविवारी ओळख, सोमवारी लग्न, गुरुवारी रात्री थडगं. (रविवारी दुपारपर्यंत तो रोझलाइन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी उसासे टाकत होता, पण ते सोडा.) ज्युलिएटनं घेतलेलं, मेल्यासारखं निपचित पाडणारं गुंगीचं औषध 42 तासांचं होतं. तसा निरोप घेऊन निघालेला साधू साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला आणि पत्र पोचलंच नाही. इथवर दोष टपालाचा. पुढे मात्र सगळं श्रेय रोमिओचं. तो थडग्यात शिरतो, तिच्याकडे बघतो आणि स्वतःच म्हणतो की हिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे! म्हणजे लक्षण दिसलं, तोंडानं बोलूनही दाखवलं, आणि वर विष प्यायला. मी हा प्रसंग घरी रंगवून सांगत होतो, तर बायकोनं कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, "नाडी का नाही बघितली त्यानं?" आमचं प्रेम अमर होणार नाही हे मला त्या क्षणी कळून चुकलं.

हे सगळं पोरवयात होतं, असा समज करून घेऊ नका. मार्क अँटनी पन्नाशीला आलेला रोमन सेनापती. शत्रूच्या हालचालींच्या बातम्या पारखण्यात हयात गेलेली. इसवी सनापूर्वी 30 मध्ये त्याचा रोमन प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियन याचं सैन्य अलेक्झांड्रियात शिरत होतं. क्लिओपात्रानं स्वतःला आपल्यासाठी बांधलेल्या समाधीत कोंडून घेतलं आणि 'राणी गेली' असा निरोप धाडला. अँटनीनं मान्य केलं. गुलामाला म्हणाला, मला मार. गुलामानं स्वतःलाच मारून घेतलं. मग यानं तलवार पोटात घातली, तर जीव जाईना. तेवढ्यात दुसरा निरोप आला की बाईसाहेब जिवंत आहेत, बोलावताहेत. समाधीचं दार उघडणं धोक्याचं, म्हणून राणीनं आणि तिच्या दोन दासींनी त्याला दोरांनी बांधून वरच्या खिडकीतून ओढून घेतलं. रक्तबंबाळ, लोंबकळणारा, तिच्याकडे हात पसरलेला, धिप्पाड माणूस. वर पोचल्यावर त्यानं प्यायला मद्य मागितलं. त्या अख्ख्या दिवसात त्याला सुचलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट, असं माझं मत आहे.

इराणात फरहादनं शिरीनसाठी डोंगर फोडत आणला होता. डोंगर फोडलास तर शिरीन तुझी, अशी पैज लावलेल्या खुसरो बादशहाला वाटलं, हा पठ्ठ्या खरंच पैज जिंकतोय. त्यानं माणूस पाठवून 'शिरीन वारली' असं सांगवलं. फरहादनं कड्यावरून उडी घेतली. डोंगर फोडायला वेळ होता, विचारायला नव्हता.

तर बातमी तपासायची नाही, एवढं पक्कं करा. आता घरच्यांकडे वळू. आईवडील समजूतदार निघाले तर तुमचा खेळ तिथेच संपतो. सुदैवानं त्यांना बिघडवता येतं. अरबस्तानातल्या कैसनं लैलाचं नाव घालून कविता केल्या आणि त्या सगळ्या टोळीत गाऊन दाखवल्या. मुलीचा असा बोभाटा करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, ही तिथली रीत. कविता जरा कमी केल्या असत्या तर लैला मिळाली असती, पण मग 'मजनू' ही पदवी मिळाली नसती. पंजाबी कथेतल्या रांझ्याच्या हीरला तिच्या प्रेमाआड येणारा चाचा कैदो आयता लाभला. सगळ्यांत भाग्यवान पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रो: त्याच्या सख्ख्या बापानं, राजानं, 1355 मध्ये त्याच्या प्रेयसीला, इनेस दे कास्त्रोला, ठार करवलं. पेद्रो गादीवर आला, मारेकऱ्यांपैकी दोघांची काळजं काढवली आणि आल्कोबासाच्या मठात दोन थडगी बांधली. आज ती समोरासमोर, पायांकडे पाय करून आहेत; कयामतीच्या दिवशी उठून बसताना पहिली नजर एकमेकांवर पडावी म्हणून, असं सांगतात. व्यवस्था चोख आहे, नाही म्हणणार नाही. जिवंतपणी इनेसला अशी चोख व्यवस्था लाभली नाही, एवढंच.

स्वभाव मुळातच बेभरवशाचा असेल तर कवी चांगला गाठा. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला चक्क ओळखतो आणि भर दरबारात 'मला काही आठवत नाही' म्हणतो, वर तिलाच चार वाईट शब्द ऐकवतो. आकाशवाणी झाल्यावर म्हणतो, मला ठाऊक होतं, पण लोकांनी शंका घेतली असती ना! पुढे कालिदास भेटला. त्यानं दुर्वासाचा शाप आणला, अंगठी पाण्यात पाडली, माशाच्या पोटात घातली, आणि सरळ सरळ नामुष्की होती ती दैवदुर्विलासात जमा झाली. विसरलो म्हणणाऱ्या प्रत्येक पुरुषाला असा वकील मिळो.

वाचक बाई असाल तर एक वेगळी सूचना. ताजमहाल मागण्याआधी हिशेब बघा. मुमताजचं लग्न 1612 मध्ये झालं, मृत्यू 1631 मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. चौदांपैकी सात मुलं मोठी झाली. बादशहा दख्खनच्या मोहिमेवर होते, बुऱ्हाणपुरात. भरल्या दिवसांची बेगमही बरोबर होती, कारण तिच्याशिवाय त्यांना करमत नसे. नंतर सुमारे वीस हजार माणसं कामाला लागली आणि सारा परिसर पुरा व्हायला वीस वर्षांहून जास्त गेली. तुम्ही संगमरवर मागू नका, दोन बाळंतपणांत थोडी उसंत मागा. इमारत उभी राहणार नाही, पण तुम्ही राहाल.

मरायचं नसेल तर मात्र सगळंच बेचव होतं. ग्रीक कथेतला लिअँडर हीरो नावाच्या आपल्या प्रेयसीच्या दिव्याकडे बघत रोज रात्री हेलेस्पाँटची सामुद्रधुनी पोहून जायचा. वादळात दिवा विझला, तो बुडाला आणि कथा झाली. 1810 मध्ये कवी बायरननं तीच सामुद्रधुनी 1 तास 10 मिनिटांत पार केली, आणि त्याला थंडीताप भरला. आठव्या एडवर्डनं 1936 मध्ये वॉलिस सिम्प्सनच्या प्रेमासाठी इंग्लंडचं राज्य सोडलं, जग हळहळलं. मग ते दोघं आणखी पस्तीस वर्षं मेजवान्यांना जात राहिले.

आणि हेलन. ट्रॉयच्या राजपुत्राबरोबर गेलेल्या जिच्यासाठी ग्रीकांनी दहा वर्षं युद्ध केलं, ट्रॉय जळालं, ती शेवटी नवऱ्याबरोबर, मेनेलाओसबरोबर, स्पार्टाला घरी परतली. पुढे एकदा पाहुणे जेवायला आले. हेलननं सगळ्यांच्या मद्यात दुःख विसरायला लावणारं औषध घातलं आणि आठवण सांगितली: आपला ग्रीक वीर ओडिसियस वेश पालटून ट्रॉयमध्ये शिरला तेव्हा मी एकटीनं त्याला ओळखलं आणि कुणाला कळू दिलं नाही, माझा जीव तेव्हा घराकडेच लागला होता. मेनेलाओस म्हणाला, वा, छान सांगितलंस. मग त्यानं आपली आठवण काढली: ट्रॉयमध्ये चोरून शिरायला आम्ही ग्रीक लाकडी घोड्याच्या पोटात श्वास रोखून बसलो होतो, तेव्हा तू बाहेरून तीन फेऱ्या मारल्यास आणि आमच्या एकेकाच्या बायकोचा आवाज काढून नावानं हाका मारल्यास.

पाहुणा म्हणाला, आता झोपायला जाऊ या.